कच्ची नोंद आणि तयार चित्र

३१ जानेवारी २०१८ च्या संध्याकाळी चंद्र उगवला तो ग्रासलेलाच. खग्रास अवस्था संपून तो पृथ्वीच्या सावलीतून बाहेर येऊ लागला, तेव्हा आम्ही काही विद्यार्थ्यांसह त्याची छायाचित्रे घेतली. पुढे एका विद्यार्थिनीने संगणकावर त्यांतल्या उजळपणाचे आकडे वाचले. चंद्राच्या एका भागावर आकडा होता २००, तर सावलीच्या कडेजवळ १००. तिने वहीत लिहिले, 'येथे प्रकाश निम्मा झाला.' निष्कर्ष चुकीचा होता; पण तिचा हिशेब बरोबर होता. मग चूक शिरली कोठून?

कॅमेऱ्याच्या भिंगामागे सिलिकॉनची एक चिप असते. तिच्यावर कोट्यवधी सूक्ष्म प्रकाशसंवेदी घरे असतात. प्रत्येक घर आपल्यावर किती प्रकाश पडला एवढेच मोजते; रंग त्याला कळत नाही. म्हणून प्रत्येक घरावर तांबडी, हिरवी किंवा निळी गाळणी बसवतात. कोडॅक कंपनीतील ब्राइस बेयर यांच्या मांडणीला १९७६ मध्ये पेटंट मिळाले. तीत निम्म्या घरांवर हिरवी गाळणी असते व उरलेल्यांत तांबडी आणि निळी समसमान. या मोजमापांची नोंद म्हणजे 'रॉ', अर्थात कच्ची फाइल. ते अजून चित्र नव्हे, ती आकड्यांची वही आहे. १४ बिटांच्या नोंदीत १६,३८४ पायऱ्या असतात आणि प्रकाश दुप्पट झाला, तर आकडाही जवळजवळ दुप्पट होतो.

मात्र ही वही अवजड असते. २.४ कोटी घरे, प्रत्येकाचे १४ बिट, म्हणजे सुमारे ४२ मेगाबाइट. शिवाय प्रत्येक कंपनीची लिहिण्याची पद्धत वेगळी. म्हणून इंटरनेटवर पाठवण्यासाठी तिचे रूपांतर करावे लागते.

प्रथम प्रत्येक घराचे न मोजलेले दोन रंग शेजारच्या घरांवरून अंदाजाने भरतात. मग ऊन होते की बल्ब, हे पाहून पांढरा रंग पांढरा दिसेल असा समतोल साधतात. त्यानंतर येते ती आपल्या गोष्टीतली महत्त्वाची पायरी. प्रत्येक रंगाच्या हजारो पायऱ्यांच्या केवळ २५६ करतात. मंद प्रकाशातले लहान फरक डोळ्याला चटकन जाणवतात, म्हणून अंधाऱ्या भागाला जास्त आकडे देतात व उजळ भागाला कमी. संगणकावर सर्रास वापरल्या जाणाऱ्या एसआरजीबी पद्धतीत २०० हा आकडा १०० च्या दुप्पट नव्हे, तर सुमारे साडेचार पट प्रकाश दाखवतो!

शेवटी जेपेग. १९९२ च्या या प्रमाणपद्धतीत उजळपणा आणि रंग वेगळे करतात. रंगांचे बारकावे डोळ्याला कमी कळतात, म्हणून ते बहुधा कमी तपशिलाने ठेवतात. मग चित्राचे ८ × ८ बिंदूंचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोन लहानमोठ्या लहरींच्या बेरजेच्या रूपात लिहितात. हे गणित नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केले. बारीक लहरींचे आकडे ढोबळ केले, की पुष्कळसे शून्य होतात आणि फाइल आटते. चित्राची रुंदी १६०० बिंदूंवर आणली, तर ती काहीशे किलोबाइटांत मावते. पीएनजी पद्धतीत दाबताना असे काही टाकून देत नाहीत. आकृत्यांना ती उत्तम, पण छायाचित्रांची फाइल फार मोठी होते.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. फळ्यावरील अक्षरांचा फोटो 'गिंप' या मोफत प्रणालीत उघडा आणि गुणवत्ता ९० व १० ठेवून दोन जेपेग करा. दुसऱ्यात अक्षरांच्या कडेला चौकोन उमटलेले दिसतील. आता तीच फाइल उघडून गुणवत्ता ९० ने पुन्हा साठवा. फाइल मोठी होईल, चौकोन मात्र जाणार नाहीत.

जेपेग वाईट नाही. ते डोळ्यासाठी बनवले आहे, मोजणीसाठी नव्हे. त्या विद्यार्थिनीने आमच्याकडे कच्च्या फाइली मागितल्या. कार्डावर जागा व्हावी म्हणून आम्ही त्या केव्हाच पुसल्या होत्या. एसआरजीबीचे गणित उलटे करता येते. पण कॅमेऱ्याने आपल्या पसंतीने वाढवलेला उठाव आम्हाला काढून टाकता आला नाही. तिचा आलेख अपुरा राहिला. दळलेल्या पिठाचा पुन्हा गहू होत नाही. तेव्हा पाठवायला जेपेग जरूर करावे, पण मूळ नोंद जपून ठेवावी. उद्या कोण तिला कोणता प्रश्न विचारील, हे आज आपल्याला ठाऊक नसते.