घरबसल्या ग्रंथालयशास्त्राचे शिक्षण

नारळाच्या लागवडीवर एखादे पुस्तक मिळेल काय, अशी विचारणा करीत एखादा बागायतदार गावच्या ग्रंथालयात येतो. पुस्तक तेथे असते. परंतु ते कोणत्या कपाटात आहे, हे सांगणारे कोणी नसते. तो रिकाम्या हातांनी परततो आणि बहुधा पुन्हा येत नाही. इमारत उभारली, ग्रंथ खरेदी केले, एवढ्याने ग्रंथालय होत नाही. ग्रंथ आणि वाचक यांची गाठ घालून देणारी जाणती व्यक्ती तेथे असावी लागते. हे जाणतेपण देणारे शास्त्र म्हणजे ग्रंथालय व माहितीशास्त्र होय. एकेकाळी त्याच्या अभ्यासासाठी गाव सोडून शहर गाठावे लागे. आता ते घरी राहून, ऑनलाइन अथवा दूरशिक्षणाने शिकता येते. ही सोय कोणासाठी आहे आणि तिचा लाभ घेताना कोणती दक्षता बाळगावी, याची माहिती येथे देत आहोत.

जुनी परंपरा

गोमंतकास ग्रंथालये नवी नाहीत. पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाची मुहूर्तमेढ १८३२ साली रोवली गेली. गोव्याचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९९३ सालचा आहे. ग्रंथपालांच्या शिक्षणाचा विचार मात्र प्रथम बडोद्यात झाला. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बोर्डन या तज्ज्ञास पाचारण केले आणि १९११ साली तेथे ग्रंथपालांसाठी प्रशिक्षण वर्ग सुरू झाला. बडोदे संस्थानात ग्रंथांच्या लाकडी पेट्या खेडोपाडी पाठविल्या जात. त्या काळी ग्रंथ वाचकाच्या दारी गेले. आज पाठ विद्यार्थ्याच्या दारी येत आहेत.

काय शिकावयाचे?

या अभ्यासाचे मुख्य अंग वर्गीकरण हे आहे. १८७६ साली प्रसिद्ध झालेल्या ड्यूई यांच्या दशांश पद्धतीत प्रत्येक विषयास एक अंक असतो. शेतीचे ग्रंथ ६३० या वर्गात येतात. त्यातही भाताचा अंक ६३३.१८, तर नारळाचा ६३४.६१ आहे. मराठी साहित्याचा अंक ८९१.४६. हे अंक एकदा उमगले की वरील बागायतदारास त्याचे पुस्तक क्षणार्धात काढून देता येते. वाचकाचा वेळ वाचविणे हे ग्रंथालयाचे कर्तव्य आहे, असे डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली आपल्या पंचसूत्रीत सांगितले, त्याचा व्यवहारातील अर्थ हाच.

याखेरीज तालिका तयार करणे, ग्रंथांची दाखल नोंद, देवघेव, संदर्भसेवा आणि संगणकाचा वापर हे विषय असतात. ‘कोहा’ ही ग्रंथालयाची संगणकप्रणाली न्यूझीलंडमध्ये तयार झाली व २००० साली वापरात आली. ती विनामूल्य उपलब्ध असल्याने विद्यार्थ्यास स्वतःच्या संगणकावरही सराव करता येतो.

कोणता अभ्यासक्रम?

१९८५ साली स्थापन झालेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे उदाहरण घेऊ. बारावी उत्तीर्ण झालेल्यांसाठी तेथे सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे. पदवीधरांसाठी एक वर्षाचा ग्रंथालयशास्त्र पदवी अभ्यासक्रम आहे. आणि ती पदवी घेतलेल्यांसाठी ग्रंथालयाच्या संगणकीकरणाची पदव्युत्तर पदविका आहे. विद्यार्थ्याने पाठ्यपुस्तिका वाचावयाच्या, स्वाध्याय लिहून द्यावयाचे व सत्राच्या शेवटी परीक्षा द्यावयाची, अशी तेथील रीत आहे. या विद्यापीठाच्या पाठ्यपुस्तिका ‘ई-ज्ञानकोश’ या संकेतस्थळावर कोणासही विनामूल्य वाचता येतात. प्रवेश घेण्यापूर्वी त्यातील दोन-चार पाठ चाळून पाहिले, तर विषय आपणांस रुचतो किंवा नाही, हे फी भरण्याआधीच कळून येईल.

प्रवेशापूर्वी दक्षता

प्रमाणपत्र, पदविका व पदवी यांस सर्वसाधारण बोलण्यात एकच समजले जाते. नोकरीच्या जाहिरातीत मात्र तसे नसते. एका पदासाठी प्रमाणपत्र पुरते, दुसऱ्यासाठी पदवी लागते. म्हणून ज्या पदाची अपेक्षा आहे त्याचे सेवाभरती नियम प्रथम वाचावेत व मगच अभ्यासक्रम निवडावा. हा क्रम उलटा केल्यास वर्षही जाते आणि पैसाही.

दुसरी गोष्ट मान्यतेची. पदवी अथवा पदव्युत्तर अभ्यासक्रम असल्यास विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर त्या संस्थेचे व त्या अभ्यासक्रमाचे नाव त्या वर्षाच्या यादीत आहे काय, हे स्वतः पाहावे. केवळ माहितीपुस्तिकेवर किंवा मध्यस्थाच्या शब्दावर विसंबू नये. आयोगाच्या २०२० च्या विनियमांनुसार मान्यताप्राप्त ऑनलाइन व दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची मानली जाते; अमान्य संस्थेच्या कागदास ती किंमत नाही.

महाराष्ट्राबाहेरील मराठी विद्यार्थ्यांनी आणखी एक भेद ध्यानी ठेवावा. राज्य विद्यापीठाचे दूरशिक्षण सामान्यतः त्या राज्याच्या हद्दीपुरते असते. ऑनलाइन अभ्यासक्रमास असे क्षेत्रबंधन नाही.

पाठ घरी, धडा ग्रंथालयात

या शिक्षणास एक मर्यादा आहे, ती लपविण्याचे कारण नाही. पडद्यावर पाहून वर्गीकरणाचे नियम पाठ होतात; हात मात्र पुस्तकांतच बसतो. एकाच पुस्तकात भातशेती, सहकार व लोककथा एकत्र आल्या, तर ते कोठे ठेवावे, हा निर्णय कपाटासमोर उभे राहिल्यावाचून शिकता येत नाही. म्हणून विद्यार्थ्याने गावच्या किंवा शाळेच्या ग्रंथालयात आठवड्यातून काही तास अवश्य काम करावे. वर्गीकरणाचा पाठ झाला की पन्नास पुस्तकांस अंक द्यावेत. दाखल नोंदीचा पाठ झाला की जुनी नोंदवही तपासून पाहावी.

ग्रामपंचायती, शाळा व ग्रंथालयांच्या कार्यकारी मंडळांनी अशा विद्यार्थ्यांस आपली दारे उघडी ठेवावीत. विद्यार्थ्यास सराव मिळेल आणि वर्षानुवर्षे गठ्ठ्यांत पडून राहिलेल्या पुस्तकांची नोंद होईल. शहरात शिकून तेथेच स्थिरावणारे तरुण आपण पुष्कळ पाहतो. गावात राहून शिकलेली मुलगी किंवा मुलगा गावच्याच ग्रंथालयात उभा राहिला, तर नारळाचे पुस्तक मागणाऱ्या बागायतदारास रिकाम्या हातांनी परत जावे लागणार नाही.