ट्रॅक्टरचा सेल्फ : दोषाची पारख व बदली

मृगाचा पाऊस होऊन जमिनीस वाफसा आला म्हणजे शेतकऱ्याच्या हातीं फार थोडे दिवस असतात. अशा वेळीं पहाटे ट्रॅक्टरवर बसून चावी फिरवावी आणि यंत्रानें नुसता ‘टक्’ असा आवाज करून स्वस्थ बसावें, हा प्रसंग पुणें जिल्ह्यांतील पुष्कळ वाचकांच्या अनुभवास आला असेल. त्यावर सर्रास मिळणारा निकाल म्हणजे, ‘सेल्फ गेला, नवा घाला.’ हा निकाल कधीं खरा असतो, पुष्कळदां खोटा असतो. आणि खोटा असला म्हणजे पैसा तर जातोच, पण वाफसाही निघून जातो. म्हणून हें प्रकरण थोडें विस्तारानें लिहिण्याचें आम्ही योजिलें आहे.

एंजिन आपण होऊन सुरू होत नाहीं. त्यास प्रथम कोणीतरी फिरवून द्यावें लागतें. अमेरिकेंत 1917 सालीं निघालेला फोर्डसन ट्रॅक्टर हँडल मारूनच सुरू करावा लागे. आपल्याकडे खडकीस 1946 सालीं किर्लोस्कर ऑईल एंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. विहिरीवरील तेलाच्या एंजिनाचें हँडल ज्यांनीं फिरविलें आहे, त्यांस त्या कामाचा घाम व उलट फटक्याची धास्ती सांगावयास नको. हें काम विजेवर सोंपविण्याची युक्ति चार्लस केटरिंग या अमेरिकन एंजिनियरानें साधली व 1912 च्या कॅडिलॅक मोटारींत ती आली. ट्रॅक्टरास ती पुढें मिळाली.

चावी फिरविली कीं थोडीशी वीज सेल्फच्या पाठीवरील सोलेनॉइडास जाते. तें लहान दांतेरी चाक पुढें ढकलून फ्लायव्हीलच्या रिंगेंत अडकवितें, आणि त्याच वेळीं आंतील तांब्याचीं जाड टोकें जोडून ब्याटरीची सर्व शक्ति मोटारीस देतें. त्या क्षणीं तारेंतून शेंकडों अँपिअर प्रवाह धांवतो. दिव्यास पुरेल इतकी वीज गंजलेल्या टोकांतूनही जाते; सेल्फास ती पुरत नाहीं. दिवे लागतात म्हणून ब्याटरी व तारा निर्दोष आहेत असें मानणारे पुष्कळ आहेत, त्यांनीं हें ध्यानांत घ्यावें.

पारख करण्यापूर्वीं गिअर न्यूट्रलवर व हँडब्रेक लागलेला आहे हें पहावें. मग पुढचे दिवे लावून एकानें चावी फिरवावी व दुसऱ्यानें दिव्यांकडे पहावें. दिवे एकदम मंद झाले, किंवा ‘टकटकटक’ असा लागोपाठ आवाज आला, तर बहुधा ब्याटरी उतरली आहे अथवा तिच्या टोकांवर क्षार जमला आहे. दिवे तेजस्वी राहून एकच ‘टक्’ ऐकूं आला, तर सोलेनॉइडचीं टोकें जळालीं असावींत किंवा मोटारीचे कार्बन झिजले असावेत. मुळींच आवाज नसेल तर वीज सोलेनॉइडापर्यंत पोंचत नाहीं. चावी, फ्यूज, बारीक तार व क्लचजवळील सुरक्षा-स्विच हीं क्रमानें पहावींत. मोटार गरगर फिरते पण एंजिन हालत नाहीं, तर बेंडिक्स निकामी झालें; खरखर आवाज आला तर पिनियनचे किंवा रिंगेचे दांते खराब झाले. ब्याटरी व तारा चांगल्या असूनही दिवे मंद होतात असें दिसल्यास एंजिनच जाम नाहीं ना, हें पुढील पुलीच्या नटास पाना लावून फिरवून पहावें.

साधा मल्टीमीटर घरीं असावा असें आमचें मत आहे. भरलेली ब्याटरी स्वस्थ असतां सुमारें 12.6 व्होल्ट दाखविते. सेल्फ मारतांना ती 9.6 च्या खालीं उतरली तर ब्याटरी दुबळी समजावी. याहून उपयोगी परीक्षा दुसरीच. मीटरचें एक टोक ब्याटरीच्या ऋण खुंटास व दुसरें एंजिनच्या उघड्या लोखंडास लावून सेल्फ मारावा. अर्धा व्होल्टाहून अधिक आंकडा आला तर अर्थिंगची तार दोषी. धन बाजूसही, खुंटापासून मोटारीच्या बोल्टापर्यंत, असेंच पहावें.

हवेली तालुक्यांतील एका बागाईतदारांनीं एका गॅरेजच्या सांगण्यावरून नवा सेल्फ बसविला. तोही ‘टक्’ करूनच थांबला. आम्ही वरील रीतीनें मीटर लावला तों दोन व्होल्टांहून अधिक तूट निघाली. अर्थिंगची पट्टी रंगावर व गंजावर बसलेली होती. पॉलिश-कागदानें घांसून ती आवळल्यावर जुन्याच सेल्फानें एंजिन एका झटक्यांत घेतलें.

येथें एक गोष्ट कठोरपणें सांगणें प्राप्त आहे. जमिनीवर उभें राहून पेचकसानें सोलेनॉइडचीं टोकें जोडून ट्रॅक्टर सुरू करण्याची खोड गांवोगांव आहे. अशा वेळीं सुरक्षा-स्विच बाजूस राहतो; गिअर पडलेला असला तर एंजिन घेतांच ट्रॅक्टर पुढें सुटतो, आणि माणूस मागील चाकाच्या समोरच उभा असतो. या रीतीनें माणसें मेलीं आहेत. गडी-माणसांस हें करूं देऊं नये.

सेल्फ खरोखरच गेला असेल तर प्रथम ब्याटरीची ऋण तार काढावी, आणि शेवटीं तीच लावावी. तारांस खुणेच्या चिंध्या बांधाव्या. मोटार जड असते. शेवटचा बोल्ट काढतांना खालून हात द्यावा. नाना पेठेंत सुटे भाग घेण्यास जातांना जुनी मोटार बरोबर न्यावी व दांत्यांची संख्या, फिरण्याची दिशा, बोल्टांचीं भोंकें आणि पाटीवरील व्होल्ट व किलोवॅट ताडून पहावे. नुसते कार्बन, बुश किंवा सोलेनॉइड बदलून काम भागत असेल तर पुरी मोटार घेण्याचें कारण नाहीं. बसवितांना बैठकीवरील तेल, रंग व गंज साफ करावा, कारण मोटारीची अर्थिंग त्याच बैठकींतून होते. जुनी मोटार काढली असतां रिंगेचे दांते बॅटरीच्या उजेडांत पाहून घ्यावे; ते झिजलेले असल्यास नवें पिनियनही थोड्याच दिवसांत खराब होतें. पुढें सेल्फ एका वेळीं दहा-पंधरा सेकंदांहून अधिक मारूं नये, व मध्यें निदान अर्धा मिनिट थांबावें. बदलीची तारीख, किंमत व पाटीवरील क्रमांक वहींत टिपून पावती त्याच पानास टांचावी. हमीच्या मुदतींत मोटार परत नेण्याची वेळ आली तर दुकानदार प्रथम तीच मागतो.