ग्रामसेवकाला युनियन का लागते?

बुलढाणा जिल्ह्यात आजही सगळे 'ग्रामसेवक'च म्हणतात. सरकारी कागदावर मात्र तो आता 'ग्रामपंचायत अधिकारी' आहे. सप्टेंबर 2024 मध्ये मंत्रिमंडळाने ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन पदं एक केली. त्याआधी, 18 ते 20 डिसेंबर 2023 या तीन दिवसांत, सरपंच आणि ग्रामसेवकांच्या संघटनांनी मिळून राज्यभर ग्रामपंचायती बंद ठेवल्या होत्या. पदं एकत्र करा, ही तेव्हाची एक ठळक मागणी. मागितलं होतं 'पंचायत विकास अधिकारी'. देताना सरकारने 'विकास' गाळला. तरी युनियनचा विजय तो विजयच.

पण इतक्या साध्या गोष्टीसाठी गावगाड्याचा कारभार तीन दिवस थांबवणारी ही युनियन मुळात आली कशातून?

ग्रामसेवकाची कुळकथा 2 ऑक्टोबर 1952 ला सुरू झालेल्या सामुदायिक विकास कार्यक्रमापर्यंत जाते. बुलढाणा तेव्हा मध्य प्रदेशात होता. गावात जाऊन बियाणं, खत, शोषखड्डे यांची माहिती देणारा कार्यकर्ता, एवढंच त्याचं मूळ रूप. पुढे 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा आल्या आणि सल्ला देणारा हा माणूस हळूहळू दप्तर सांभाळणारा झाला. आज घरपट्टीची वसुली, जन्म-मृत्यूची नोंद, घरकुलांची यादी, रोजगार हमी, माहिती अधिकाराचे अर्ज सगळं त्याच्याच टेबलावर येतं. वित्त आयोगाचा पैसा सरपंचाच्या आणि त्याच्या डिजिटल सहीने निघतो. सही आली की चौकशी येते, आणि चौकशीमागून निलंबन.

माझ्या मते युनियनचं खरं मूळ इथे आहे. गावात सरपंच त्याला आपला माणूस समजतो, पंचायत समितीत गटविकास अधिकारी जाब विचारतो, शिस्तभंगाची कारवाई मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या हाती. त्यात एकाच माणसाकडे दोन-दोन, तीन-तीन गावांचा अतिरिक्त कार्यभार. अशा वेळी त्याच्या बाजूने बोलणारं एकच ठिकाण उरतं, ते म्हणजे युनियन. 'महाराष्ट्र राज्य ग्रामसेवक युनियन, डीएनई 136' या लेटरहेडवरचं निवेदन पंचायत समितीत कोणालाही नवं नाही. 2022 च्या मार्चमध्ये जिल्हा परिषद सदस्यांची मुदत संपून प्रशासक आले, तेव्हा तर बदल्यांची रदबदली करायला सदस्यही उरले नाहीत. संघटनेचं वजन अशानेच वाढतं.

हे वजन कमावलेलं आहे, हेही मान्य करायला हवं. 1977-78 मध्ये र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखाली राज्य सरकारी आणि जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांनी केंद्राइतक्या महागाई भत्त्यासाठी संप केला. तो 54 दिवस चालला. पगाराविना दोन महिने काढायचे म्हणजे घरी काय होत असेल! गावात एकटा पडणारा ग्रामसेवक, शाळेतला गुरुजी आणि कचेरीतला कारकून एका रांगेत उभे राहू शकतात, हे त्या संपाने दाखवलं. जुन्या पेन्शनसाठी 14 मार्च 2023 ला पुकारलेला संप त्याच वाटेवरचा. तो सातव्या दिवशी मिटला. सरकारी नोकराला संपाचा मूलभूत हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्येच बजावलंय. संघटना बांधायचा हक्क मात्र घटनेचा आहे, आणि या दोहोंमधल्या अरुंद पट्टीतच संघटनांचं सगळं राजकारण चालतं.

आता कडू भाग. वेतनश्रेणी, पदोन्नती, बदल्या यांवर जी युनियन इतकी नेमकी बोलते, ती मुख्यालयी राहण्याचा विषय निघाला की सैल होते. जळगाव जामोद, संग्रामपूरकडच्या सातपुड्याच्या पायथ्याला, आदिवासी पाड्यात, दाखल्यासाठी 'साहेब कधी येतात?' विचारत बसलेल्या माणसाला पदनाम काय ठेवलं याचं सोयरसुतक नाही. साहेब बुलढाण्याहून, खामगावहून अप-डाउन करतात, ही त्याची तक्रार. गावात चांगलं घर नाही, मुलांना शाळा नाही, हे युनियनचं उत्तर खोटं नाही. पण मग घरभाडे भत्त्याचं काय?

2019 च्या शासन निर्णयाप्रमाणे त्यासाठी कर्मचारी गावात राहतो असा ग्रामसभेचा ठराव लागतो. ग्रामसभेचं इतिवृत्त लिहिणारा सचिव कोण, तर ग्रामसेवकच.