ऋतुमानानुसार रानवनस्पतींची ओळख

सह्याद्रीतील वनस्पतींचा शास्त्रीय अभ्यास दीर्घकाळ दाबून सुकवलेल्या नमुन्यांवर उभा होता. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरील ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला आणि आजही त्याचा आधार घेतला जातो. मात्र सुकलेल्या फुलाचा रंग उडतो, अळंबी तर आकसून ओळखू येईनाशी होते, आणि ही उणीव छायाचित्राने भरून काढली. तरीही उमललेल्या फुलाचे एक सुंदर छायाचित्र म्हणजे वनस्पतीची ओळख, ही समजूत अपुरी आहे.

शेवळाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. मृगाच्या सुमारास ठाणे, पालघर, रायगड या भागांतील आदिवासी स्त्रिया शेवळाच्या ज्या जुड्या बाजारात आणतात, तो सुरणाच्या जवळच्या नात्यातील या कंदाचा मिटलेला फुलोरा असतो आणि त्या वेळी त्याला एकही पान नसते. फुलोरा ओसरून पाऊस स्थिरावला, की त्याच कंदातून छत्रीसारखे विभागलेले पान वर येते; त्यामुळे जूनमधील आणि ऑगस्टमधील छायाचित्रे शेजारी ठेवली, तर ती एकाच वनस्पतीची आहेत यावर नवख्याचा विश्वास बसत नाही. या भाजीत काकड नावाच्या झाडाची आंबट फळे घालतात, ती कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे घशाला सुटणारी खाज मारण्यासाठी. हे ज्ञान ज्या स्त्रियांनी जपले, त्यांच्याकडून ते छायाचित्राबरोबरच टिपून घ्यायला हवे.

अळंबीचा ऋतू तर काही दिवसांचाच असतो. दिसणारी छत्री हे बुरशीचे केवळ फळ असून तिचे खरे शरीर, म्हणजे तंतूंचे कवकजाल, जमिनीत किंवा लाकडात दडलेले असते. वारुळावरच्या अळंबीची तर वाळवी जमिनीखाली शेतीच करते आणि पावसाळ्यात तिथूनच मुळासारख्या लांब देठावर छत्री वर येते. म्हणून वरून घेतलेले छायाचित्र फारसे उपयोगी नाही. छत्रीखालचे पडदे, देठावरचे कडे आणि बुंधा दिसला पाहिजे. अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर छत्री पडद्यांची बाजू खाली करून ठेवली आणि वर वाटी झाकली, तर रात्रभरात बीजाणूंचा, म्हणजे बुरशीच्या सूक्ष्म बीजांचा, ठसा उमटतो व त्याचा रंग ही महत्त्वाची खूण ठरते. अळंबी खाण्याजोगी आहे की नाही, हे मात्र छायाचित्रावरून कधीही ठरवू नये.

कासच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, सोनकी, तेरडा, सीतेची आसवे यांचे बहर एकामागून एक येतात; त्यामुळे एकाच फेरीत ते सगळे टिपता येत नाहीत. शिवाय तिथे जांभ्या खडकावरील मातीचा थर इतका पातळ आहे, की छायाचित्रासाठी आडवे पडणाराही फुले चिरडतो.

कारवीला तर एक वर्षही पुरत नाही. ती सुमारे सात वर्षांनी एकदाच डोंगरभर फुलते, बी धरते आणि मरते. शिवाय सगळ्या डोंगरांवरील बहराचे वर्ष एकच असते असे नाही. ज्या वाचकांच्या जुन्या संग्रहात फुललेल्या कारवीची छायाचित्रे असतील, त्यांनी त्यांवर वर्ष आणि डोंगराचे नाव आजच लिहून ठेवावे.