'कळत नाही' म्हणजे नेमके काय? : दुर्बोधता सांगणारे इंग्रजी शब्द



काही वर्षांपूर्वी एका संपर्कसत्रात चाळिशी ओलांडलेल्या, ग्रामपंचायतीत लिपिक असलेल्या एका विद्यार्थिनीने आपले पुस्तक माझ्यासमोर उघडले. समीक्षेवरील एका लेखाच्या समासात त्यांनी पेन्सिलीने सात-आठ ठिकाणी एकच शेरा लिहिला होता : 'कळत नाही'. "यातले काय कळत नाही?" असे विचारल्यावर त्या ओशाळून म्हणाल्या, "सगळंच, सर. इतक्या वर्षांनी शिकायला बसले, बुद्धी गंजली असेल."

आम्ही ते शेरे एकेक करून पाहिले. एका ठिकाणी अडचण पारिभाषिक शब्दाची होती. दुसऱ्या ठिकाणी अकरा ओळींचे एकच वाक्य होते. तिसऱ्या ठिकाणी लेखकानेच मोघम लिहिले होते. एके ठिकाणी विचार खरोखरच गहन होता आणि तो मलाही दोनदा वाचावा लागला. बुद्धी गंजल्याचा पुरावा मात्र कोठेच सापडला नाही.

प्रस्तुत घटकात हीच बाब आपण इंग्रजी शब्दांच्या आधारे पाहणार आहोत. 'ऑब्स्क्युअर', 'ओपेक', 'अ‍ॅबस्ट्रूस', 'क्रिप्टिक', 'अ‍ॅम्बिग्युअस' हे शब्द इंग्रजी समीक्षेत आणि भाषाविज्ञानात वारंवार येतात. भाषांतर करताना आपण त्यांना 'दुर्बोध', 'गूढ' किंवा 'क्लिष्ट' असे हाताशी येतील ते प्रतिशब्द देऊन मोकळे होतो. मूळ शब्द मात्र एकमेकांचे पर्याय नव्हेत. अडचण आहे एवढेच सांगून ते थांबत नाहीत; ती कोठे आहे, हेही सांगतात.

प्रथम प्रकाशाशी संबंधित शब्द घेऊ. 'ऑब्स्क्युअर' ज्या लॅटिन शब्दावरून आला, त्याचा अर्थ 'काळोखा' असा आहे. वस्तू जागेवर आहे, पण तिच्यावर उजेड नाही. म्हणूनच हा शब्द दुर्बोध ओळीला लागतो, तसाच फारशा कोणाला ठाऊक नसलेल्या व्यक्तीलाही लागतो. इंग्रजी लेखात एखाद्याला 'ऑब्स्क्युअर पोएट' म्हटले असेल, तर तो बहुधा 'अप्रसिद्ध कवी' असतो. भाषांतराच्या उत्तरपत्रिकांत तो हटकून 'दुर्बोध कवी' होतो आणि बिचाऱ्याच्या सरळ कवितांवर नसता आरोप येतो. 'ओपेक' म्हणजे ज्यातून प्रकाश आरपार जात नाही ते. भाषाविज्ञानात हा शब्द निंदेचा नाही. 'देवघर' या शब्दाचा अर्थ त्याच्या घटकांवरून कळतो, म्हणून तो पारदर्शी; 'पाणउतारा' या शब्दाचा अर्थ आजच्या भाषकाला घटकांवरून लावता येत नाही, म्हणून तो अपारदर्शी. येथे दोष कोणाचाच नाही.

दुसरा गट लपवण्याचा आहे आणि मराठीत सर्वाधिक घोटाळा याच गटात होतो, कारण सगळ्यांसाठी आपण 'गूढ' हा एकच शब्द वापरतो. 'अ‍ॅबस्ट्रूस'च्या मुळाशी 'दूर ढकललेले' हा अर्थ आहे : विषयच रोजच्या विचारापासून लांबचा, त्याला 'गहन' म्हणावे. 'रेकन्डाइट' म्हणजे आत ठेवून दिलेले, अर्थात थोड्याच अभ्यासकांना ठाऊक असलेले ज्ञान. 'आर्केन'च्या मागे लॅटिनमधील पेटी आहे, तर 'एसोटेरिक'च्या मागे 'आतल्या वर्तुळातले' असा अर्थ असलेला ग्रीक शब्द. 'क्रिप्टिक' या सर्वांहून निराळा आहे. त्यात बोलणाऱ्याने मुद्दाम झाकलेले असते. किल्ली असते, पण ती आपल्याजवळ नसते.

हा भेद समजण्यासाठी आपल्याच वाङ्मयेतिहासातील एक उदाहरण पुरेसे आहे. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत जतन केले. पंथाबाहेरच्या वाचकाला ती पोथी 'क्रिप्टिक' होती आणि त्यातील ज्ञान दीक्षितांपुरते, म्हणजे 'एसोटेरिक' होते. विसाव्या शतकाच्या आरंभी लिपीची उकल अभ्यासकांच्या हाती आली आणि 'लीळाचरित्रा'सारख्या ग्रंथातले मराठी गद्य किती साधे व बोलके आहे, हे बाहेरच्या जगाला कळले. त्या ग्रंथाला 'गहन भाषेतला' म्हणणे ही सरळसरळ चूक ठरेल. कुलूप दाराला होते. आतले घर मोकळे होते.

तिसरा गट गुंत्याचा. 'कॉम्प्लिकेटेड'मध्ये लॅटिन 'घडी घालणे' आहे, 'कॉम्प्लेक्स'मध्ये विणणे, 'कॉन्व्होल्यूटेड'मध्ये गुंडाळणे. यांतील 'कॉम्प्लेक्स' बहुधा वस्तूच्या स्वभावाविषयी बोलतो, तर 'कॉन्व्होल्यूटेड' ही सहसा लेखकावरची तक्रार असते : साधी गोष्ट त्याने वळसे घेत सांगितली. 'एक्सप्लेन' म्हणजे मुळात सपाट करणे आणि 'एक्सप्लिसिट' म्हणजे घडी उलगडलेले. मराठीत आपण 'उलगडा' आणि 'उकल' म्हणतो. दोन भाषांनी स्वतंत्रपणे एकच रूपक निवडलेले दिसते. अर्थात, व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. आज 'एक्सप्लेन' म्हणणाऱ्या इंग्रजाच्या मनात सपाट जमीन नसते. व्युत्पत्ती आपल्याला केवळ लक्षात ठेवण्याची खूण देते.

यापुढील जोडी परीक्षेच्या दृष्टीने आणि त्याहूनही वाचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे : 'अ‍ॅम्बिग्युअस' आणि 'व्हेग'. पहिल्याचे मूळ 'दोन्हीकडे हाकणे', दुसऱ्याचे 'भटकणे'. "रमेशने सुरेशला त्याच्या घरी सोडले" या वाक्यात घर कोणाचे, याची दोन निश्चित उत्तरे संभवतात. त्यांतून एक निवडले की अडचण संपते. "योग्य वेळी कळवण्यात येईल" या वाक्यात निवडण्याजोगे काहीच नाही. येथे माहितीच भरावी लागेल. पहिले द्व्यर्थी, दुसरे मोघम. 'संदिग्ध' हा एकच शब्द दोहोंसाठी वापरला की हा फरक बुजतो. विल्यम एम्प्सन यांनी 1930 साली 'सेव्हन टाइप्स ऑफ अ‍ॅम्बिग्युइटी' या ग्रंथात कवितेतील अनेकार्थतेला समृद्धी मानले. तेथे 'संदिग्धता' असे भाषांतर केल्यास वाचकाला त्यात दोषच दिसेल, कारण संस्कृत काव्यशास्त्रात 'संदिग्ध' हा काव्यदोष आहे आणि श्लेष हा अलंकार. 'अनेकार्थता' हाच शब्द तेथे योग्य.

शेवटचा गट आवाजाचा आहे. येथे अर्थ लपलेला नसतो, गुंतलेलाही नसतो. कानावर केवळ ध्वनी येतो. 'जार्गन' या शब्दाचा जुन्या फ्रेंच भाषेतील अर्थ पक्ष्यांची किलबिल असा होता. 'गॉबलडिगूक' हा शब्द तर 1944 साली अमेरिकेतील टेक्सासचे राजकारणी मॉरी मॅव्हरिक यांनी घडवला. युद्धकाळातील एका सरकारी महामंडळाचे ते प्रमुख होते. कार्यालयीन टिपणांतील जडजंबाल भाषेला ते कंटाळले होते आणि ती भाषा ऐकताना त्यांना टर्की पक्ष्याचे ओरडणे आठवे. 'अ‍ॅक्टिव्हेशन' आणि 'इम्प्लिमेंटेशन' हे शब्द वापरणाऱ्याला गोळी घालू, असा विनोदी दमही त्यांनी भरला होता. (त्यांचे आजोबा सॅम्युएल मॅव्हरिक आपल्या गुरांना डाग देत नसत, त्यांच्या आडनावावरून इंग्रजीत कळप सोडून चालणाऱ्याला 'मॅव्हरिक' म्हणू लागले. एकाच घराण्याने भाषेला दोन शब्द द्यावेत, हे विरळाच.) आपल्याकडे मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त 'अप्रतीत' नावाचा दोष सांगितला आहे : एखाद्या शास्त्रापुरताच प्रसिद्ध असलेला शब्द काव्यात वापरणे. 'जार्गन'साठी इतका नेमका शब्द आपल्याजवळ असताना आपण तो विसरलो.

आता बा. सी. मर्ढेकरांच्या कवितेकडे वळू. 'काही कविता' 1947 साली प्रसिद्ध झाला आणि 'दुर्बोध' हा शिक्का नवकवितेवर दीर्घकाळ राहिला. माझ्या मते त्या वादात पुष्कळ शक्ती वाया गेली, कारण एका शब्दात चार वेगळ्या तक्रारी कोंबल्या गेल्या होत्या. यंत्रयुगातले अपरिचित शब्द ही एक गोष्ट. मोडलेली वाक्यरचना ही दुसरी. संतकाव्याचे संदर्भ ओळखू न येणे ही तिसरी. आणि जाणूनबुजून राखलेली अनेकार्थता ही चौथी. पहिलीवर कोश हा उपाय आहे, दुसरीवर अन्वय, तिसरीवर वाचन. चौथीवर उपाय शोधायचाच नसतो. तेथे दोन्ही अर्थ एकत्र धरून वाचायचे असते.

कृती : घरी आलेला विमा कंपनीचा किंवा बँकेचा एखादा कागद घ्या आणि आपल्या अभ्यासक्रमातील एक कविता घ्या. जेथे अडाल, तेथे समासात 'कळत नाही' असे न लिहिता पुढीलपैकी एक शब्द लिहा : अंधार, कुलूप, गुंता, दुहेरी, मोघम, गोंगाट. दोन्ही समास शेजारी ठेवून पाहा. हीच कसोटी या घटकालाही लावावी आणि जेथे 'गोंगाट' लिहावेसे वाटेल, ते स्थळ पुढील संपर्कसत्रात अवश्य दाखवावे.