गाठीपाशीच थांबणारं औषध

जामखेडच्या शिवारातल्या काळ्या रानाला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मृगाचे दोन चांगले पाऊस झाले की त्या बुजतात. ही करणी मॉन्टमोरिलोनाइटसारख्या खनिजांची. जेमतेम एक नॅनोमीटर जाडीचे थर, मधल्या फटीत पाणी शिरलं की माती फुगते. त्याच फटीत औषधही शिरतं, म्हणून कर्करोगाचे संशोधक या खनिजाकडे वळले.

किमोतलं लालभडक डॉक्सोरुबिसिन शिरेतून दिलं की अंगभर फिरतं. गाठीला मारतं, पण केस गळतात, तोंड येतं. मात्रा साठत गेली तर हृदय दुबळं होतं. त्यामुळे ते आयुष्यभरात किती द्यायचं यालाच मर्यादा आहे. घरात किमो पाहिलेल्या माणसाला गाठीपाशीच थांबणाऱ्या औषधाचं मोल वेगळं सांगायला नको.

औषध गाठीपाशी धरून ठेवायचा एक मार्ग म्हणजे हायड्रोजेल, पाणी धरून ठेवणारं पॉलिमरचं जाळं. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स त्याचीच. पण नुसतं जेल लेचंपेचं, आणि त्यातलं औषध भसकन बाहेर येतं. 2002 मध्ये जपानच्या काझुतोशी हारागुची यांनी जेलमध्ये मातीचे नॅनोथर मिसळले आणि ते न तुटता कित्येक पट ताणलं जाऊ लागलं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही माशेलकर, लेले आणि वर्गीस यांनी तुटल्यावर आपोआप सांधणारी जेल घडवली.

कोळंबीच्या टरफलापासून मिळणारं कायटोसान, मातीचे थर आणि औषध यांचं मिश्रण बशीत ओतून वाळवलं की पातळ पापुद्रा निघतो. तो 37 अंशांच्या द्रावणात सोडला की फुगतो आणि पाणी हळूहळू लालसर होत जातं. मातीचे थर ऋणभारित, डॉक्सोरुबिसिन धनभारित, म्हणून पकड घट्ट. गाठीभोवतीचा भाग किंचित आम्लधर्मी असतो. तिथे ही पकड सैल पडते. मला यातली सर्वांत देखणी गोष्ट हीच वाटते.

असे पापुद्रे अजून बहुतांशी प्रयोगशाळेतच आहेत. मूत्रमार्गाच्या एका कर्करोगासाठी शरीरात गेल्यावर घट्ट होणाऱ्या जेलला मात्र अमेरिकेत 2020 मध्ये मान्यता मिळाली.

असे पापुद्रे रुग्णांपर्यंत पोचेतोवर हाताशी आहे ते वापरूया. शेजारच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात 1,31,746 महिलांवर झालेल्या अभ्यासात एचपीव्ही या विषाणूच्या एकाच तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय त्यात होतं. घरातल्या तिशी ओलांडलेल्या बायकांनी ही तपासणी करून घ्यावी.