रंग गेला कुठे?

कोळशाला हात लावला की हात काळे होतात. मग हाच कोळसा पाण्याचा रंग घालवतो असे कोणी सांगितले, तर तुमचा विश्वास बसेल का? नसेल बसत, तर प्रयोगच करून पाहा.

माशांच्या टाक्यांचे सामान विकणाऱ्या दुकानातून थोडा सक्रियित कोळसा आणा. पाणी शिंपडून तो खलात बारीक कुटा. दोन पेल्यांत सारखे पाणी घेऊन प्रत्येकात फाउंटनपेनच्या निळ्या शाईचे दोन थेंब टाका. एका पेल्यात दोन चमचे कोळशाची पूड घालून मधूनमधून ढवळत राहा. अर्ध्या तासाने दोन्ही पेल्यांतले पाणी वेगवेगळ्या गाळण कागदांतून गाळा. कोळसा न घातलेले पाणी निळेच राहील. म्हणजे ही कागदाची करामत नव्हे. दुसरे पाणी मात्र जवळजवळ रंगहीन दिसेल.

मग रंग गेला कुठे? तो नाहीसा झालेला नाही, कोळशाला चिकटून बसला आहे. पाव चहात बुडवला की चहा त्याच्या अंगात भिनतो, हे शोषण. फळ्यावरचा खडू मात्र लाकडात शिरत नाही, पृष्ठभागालाच धरून राहतो. कोळशावर रंगाचे रेणू असेच पृष्ठभागी बसतात. या क्रियेला पृष्ठशोषण म्हणतात.

अर्थात, पुष्कळ रेणू बसायचे तर पृष्ठभागही पुष्कळ हवा. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौ. सेंमी. असते. त्याचेच एक मिलिमीटर बाजूचे हजार घन केले, तर एकूण पृष्ठफळ ६० चौ. सेंमी. होते. सक्रियित कोळशात ही वाढ आतल्या छिद्रांमुळे होते. नारळाच्या करवंटीचा कोळसा ८०० ते १००० अंश सेल्सिअसला तापवून त्यावर वाफ सोडतात. काही कार्बनाचा वाफेशी संयोग होऊन कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन हे वायू निघून जातात. जिथला कार्बन गेला, तिथे पोकळी उरते. अशा असंख्य पोकळ्यांमुळे एका ग्रॅम कोळशाचे पृष्ठफळ सुमारे १००० चौ. मीटर भरू शकते. त्यात कबड्डीची सात क्रीडांगणे मावतील!

रंगाचे रेणू बहुधा मोठे, चपटे आणि कार्बनाच्या कड्यांनी बनलेले असतात. कोळशाचे थरही तशाच कड्यांचे असल्यामुळे दोघांत आकर्षण निर्माण होते. मिठाचे मात्र तसे नाही. त्याच्या आयनांना पाणी घट्ट धरून ठेवते; म्हणून कोळसा खारे पाणी गोडे करू शकत नाही.

कोळशाचा हा गुण तोबियास लोव्हित्स या औषधशास्त्रज्ञाला १७८५ साली सेंट पीटर्सबर्ग येथे आढळला. चिंचेत असते ते टार्टारिक आम्ल शुद्ध करताना द्रावण तपकिरी होई. कोळशाच्या पुडीने तो रंग गेला. पुढे साखरेचा पाक स्वच्छ करण्यासाठी हाडांचा कोळसा वापरात आला.

आज कापड रंगवणाऱ्या कारखान्यांच्या सांडपाण्यासाठीही ही युक्ती उपयोगी पडते. रंगीत पाणी नदीत गेले, तर सूर्यप्रकाश खोलवर पोचत नाही व पाणवनस्पतींची वाढ खुंटते. पण कोळसा महाग. म्हणून आधी इतर उपायांनी पाणी बरेचसे स्वच्छ करून मग ते कोळशातून सोडतात. कोळशावरच्या जागा भरल्या की तो थकतो. मग त्याला भट्टीत तापवून पुन्हा कामाला लावावे लागते, नाहीतर रंगासकट त्याची नीट विल्हेवाट लावावी लागते.

एक गोष्ट मात्र विसरू नका. तुमच्या पेल्यातले पाणी रंगहीन झाले, पण ते पिण्याजोगे झालेले नाही. डोळ्यांना दिसत नाही असेही पाण्यात पुष्कळ काही असू शकते.

आता त्याच कोळशावर पुन्हा शाईचे पाणी ओता. आणखी किती वेळा तो रंग धरून ठेवतो? मोजा आणि वहीत लिहून ठेवा.